मंडळाचं पातेलं

आमच्या मंडळाची नोंदणी नाही, पाटी नाही, कार्यालय तर नाहीच. मालमत्ता म्हणाल तर एक जर्मनचं मोठं पातेलं. कडा चेपलेल्या, बुडाला काजळी. कोल्हापुरात अशी रस्सा मंडळं पेठापेठांतून आहेत. दहा-वीस जणांची भिशी असते, तिच्यातले थोडे पैसे बाजूला पडतात आणि ऋतू बघून सगळे कुणाच्या तरी मळ्यात जाऊन रांधून जेवतात. मोठ्या शहरांतल्या क्लबात सभासदाला वाढायला माणसं असतात. इथं सभासदानंच कांदा चिरायचा.

पातेलं वडिलांच्या पिढीनं भिशीतून घेतलं. माझी त्याच्याशी ओळख आषाढातली. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून बायका डोक्यावर कलश घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडं निघत. पुढं पिपाणी आणि ढोल. त्या वाजपाला गावात ‘पी ढबाक’ म्हणतात. टेंबलाईच्या पायऱ्यांवर पाणी वाहिलं, नैवेद्य दाखवला की यात्रा झाली. मग श्रावण लागायच्या आत एखादा रविवार गाठून पुरुषमंडळी पातेलं घेऊन मळ्यात जात. पोरगा म्हणून मला प्रवेश होता, आईला नव्हता. “घरात पाण्याचा तांब्या उचलत नाहीत, आणि मळ्यात पन्नास माणसांचं रांधतात,” असं ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची. त्या भाकऱ्या अर्थात मळ्यातच जायच्या.

पातेल्याजवळ जायची वाट लांब होती. पोरांनी लसूण सोलायचा. मिसरूड फुटलं की कांदा. पुढं सुकं खोबरं, तीळ भाजून वाटायचं, आणि त्यात हात बसला की जाळ सांभाळायचा. आधी मटण शिजवून अळणी बाजूला काढायचं. पांढरा आणि तांबडा दोन्ही रस्से त्यावरच उभे राहतात. पांढऱ्यात नारळाचं दूध पडलं की जाळ मागं ओढायचा, उकळी आली की तो फाटलाच. तांबड्याला कांदा-लसूण चटणी आणि वर कट. फोडणीचा मान एकट्या आबांचा. ते चव घेऊन गप्प राहिले की जमलं, असं समजायचं. ते बोलले, तर पुढच्या आषाढापर्यंत ऐकावं लागे.

महिना कुठला चाललाय, ते पातेल्यात डोकावलं की कळायचं. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा. उंच सासनकाठ्या नाचत जातात, गुलालानं डोंगर माखतो. त्या दिवशी पातेल्यात कटाची आमटी. श्रावणात राधानगरीचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की मसालेभाताची तयारी. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप उघडतात, आणि नदीकाठच्या गावांची काळजी वाढते. आम्ही मात्र ते बघायला हौसेनं जायचो. थंडीत गुऱ्हाळ. चिपाडाच्या जाळावर काहिलीत रस उकळतोय, गुळव्या फेस बघतोय, आणि आम्ही भाकरीवर गरम काकवी ओतून घेतोय. त्या सहलीत पातेल्याला सुट्टी.

मला बढती मिळाली ती पावसात. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली. त्या वाटेवर दर पावसाळ्यात कोल्हापूरची पोरं चालतात. मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी. मुक्काम धरून दोन दिवस. त्या वर्षी आबांचे गुडघे दुखत होते. टेम्पोतून पातेलं पुढं गेलं आणि त्याच्यासोबत मी. चिखलानं भरलेली माणसं मुक्कामी पोचली तेव्हा खिचडी तयार होती. ती चांगली झाली होती का, हे कुणी सांगितलं नाही. पातेलं मात्र घासायच्या आधीच रिकामं झालं होतं.

पुढं नोकऱ्या आल्या, बदल्या आल्या. मळ्याचे प्लॉट पडले. वर्गणी वाढली आणि काम आचाऱ्याकडं गेलं. हॉलवर जायचं, जेवायचं, फोटो काढायचा, नऊला घरी. लसूण सोलताना एकमेकांची जी उणीदुणी निघायची, कुणाच्या मुलीचं ठरतंय, कुणाची जमीन भावकीत अडकलीय, ते सगळं बंद पडलं. हात रिकामे असले की माणसं मोबाइल बघतात. हळूहळू येणारे कमी झाले. पातेलं माळ्यावर गेलं.

ते खाली उतरलं ऑगस्ट २०१९ मध्ये. पंचगंगा गावात शिरली होती, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पाण्यातून बाहेर काढलेली माणसं शाळेत आणून ठेवली होती, त्यांना दोन वेळचं रांधायचं होतं. आम्ही पुरुष फोडणी कुणी द्यायची याचा विचार करत होतो, तोवर गल्लीतल्या बायकांनी तांदूळ धुऊन जाळ घातला होता. एवढ्या माणसांना मीठ किती, हे त्यांनी मुठीनं ठरवलं. आम्ही कांदा चिरला. पाणी ओसरल्यावर एका वहिनींनी सरळ विचारलं, “भिशीच्या वहीत आमची नावं का नाहीत?” उत्तर कुणाकडंच नव्हतं. नावं चढली.

त्यानंतर सहलीही बदलल्या. कार्तिकात खिद्रापूर ठरलं ते बायकांमुळं. कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला वर छतच नाही, गोल आकाश आहे. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडं बराच कललेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पुनवेचा चंद्र उत्तरेकडून चढतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. त्रिपुरीच्या रात्री तो त्या गोलात बघायला माणसं माना वर करून उभी राहतात. इतकी वर्षं पाटाच्या कडेला बसून रस्सा ओरपणाऱ्या आमच्या मंडळाला साठेक किलोमीटरवरचं हे देऊळ सुचलं नव्हतं.

आचारी बंद झाला. नियम जुनाच, पण आता सगळ्यांना: काम केल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही. परवा आलेल्या नव्या जावयालाही लसूण दिला. वहीत आईचंही नाव आहे. ती खुर्चीत बसून नुसती बघते. तिला काम का नाही, म्हणून एकानं कुरकुर केली. खजिनदार वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, “मर्दा, म्हातारीनं चाळीस वर्षांच्या भाकरी आधीच जमा केल्यात. तू कांदा चीर.”