तोंड उघडण्याची प्रार्थना



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला प्रभूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो आणि वर पाहून उसासा टाकतो. मग एकच शब्द उच्चारतो, इप्फाथा. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करतात, तो याच प्रसंगाच्या आठवणीने. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा आम्ही कितीतरी वेळा शिकवला. तो आम्हाला समजला मात्र नागपूरच्या एका रुग्णालयातील बाकावर.

आमच्या सौंसरचे एक काका. वीस वर्षांची खर्ऱ्याची सवय. ख्रिस्तप्रसाद घेताना त्यांचे तोंड पुरते उघडत नाही, हे आम्ही जवळून पाहत होतो. तिखट सोसत नाही म्हणून ते सहभोजनातली भाजी बाजूला सारत, हेही पाहिले होते. पण वडीलधाऱ्या माणसाला सवयीबद्दल कसे बोलावे? आम्ही गप्प राहिलो. त्यांच्यासाठी जपमाळेत एक गूढ जास्त म्हटले आणि कर्तव्य झाले असे मानले. असे जवळजवळ वर्ष गेले. गालाच्या आतली जखम भरेना, तेव्हा कुठे नागपूर गाठले.

शस्त्रक्रियेनंतर आलेला अहवाल काकूंनी आमच्या हातात दिला. आम्ही कला शाखेचे. तरुण डॉक्टरांनी समजावले तेवढेच समजले. गाठ किती रुंद यापेक्षा ती मांसात किती खोल गेली, याला आता मोठे महत्त्व आहे. खोली ५ मिलिमीटरच्या आत आहे, ५ ते १० च्या दरम्यान आहे की १० च्या वर, यावर रोगाची पायरी ठरवताना फरक पडतो. दुसरा प्रश्न मानेतील गाठींचा. तिथे रोग पोहोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. काकांची खोली १२ होती आणि मानेतील एका गाठीत रोग सापडला होता.

पुतण्याने फोनवर कुठेतरी पी१६ या प्रथिनाबद्दल वाचले होते: ते सापडले तर रुग्ण जास्त जगतात. डॉक्टर म्हणाले, ते घशातल्या, टॉन्सिलजवळच्या, एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगाबाबत खरे आहे. तंबाखू-सुपारीने गालात झालेल्या रोगात त्या तपासणीचा तसा आधार घेता येत नाही.

शेवटी काकूंनी विचारले, "डॉक्टरसाहेब, याच्यात किती दिवस लिहेल हायेत?"

डॉक्टर थोडे थांबले. "मावशी, हा कागद गाठीबद्दल सांगतो. अशा शंभर माणसांचे काय झाले, तेही आम्ही सांगू शकतो. काकांचे दिवस यात लिहिलेले नाहीत."

त्या उत्तराने आम्हाला धीर आला आणि अपराधीही वाटले. गाठीची खुण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते; पण आमच्या डोळ्यांना दिसलेली खूण आम्हीच झाकून ठेवली होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या रुग्णांत मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. रोग मानेत दिसेपर्यंत वाट पाहिली, त्यांच्यात ६७.५ टक्के. वाट पाहण्याची किंमत याहून स्पष्ट कशी सांगावी? आणि ती तर डॉक्टरांच्या नजरेखाली पाहिलेली वाट होती. आमची वाट संकोचाची होती.

म्हणून आता आम्ही बोलतो. मिस्सेनंतर सर्वांसमोर कोणाला टोकत नाही. प्रभूने त्या माणसाला बाजूला नेले होते, ते आम्ही ध्यानात ठेवतो. बाजूला घेऊन विचारतो: भाऊ, तीन बोटे उभी तोंडात जातात का? गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का? असेल तर सोबत दवाखान्यात जातो. कोणी रागावते. रागावू द्या.

काकांची किरणोपचाराची फेरी संपली आहे. ते तिसऱ्या बाकावर बसतात. ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहान तुकडा त्यांना देतात, तो ते पाण्याच्या घोटाबरोबर घेतात. पुढच्या तपासणीत काय निघेल, हे त्यांना माहीत नाही, आम्हालाही नाही. खर्रा मात्र त्यांच्या दोन्ही मुलांनी सोडला आहे.

प्रभू येशू, दुखणाऱ्यांची तोंडे तू उघड, आणि पाहूनही गप्प राहणाऱ्या आम्हा सेवकांचीही. आमेन.