दीदीचं देणं

आमच्या घरावर एका मुलीचं ऋण आहे. ती आमच्या नात्यातली नाही, जातीतली नाही, तिची बोलीही वेगळी. धार जिल्ह्यात राजगढजवळच्या आमच्या गावात ती प्रौढ शिक्षण केंद्रावर प्रेरक होती. साठी ओलांडलेल्या माझ्या आईला तिने वाचायला शिकवलं.

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं होती. त्यांच्या पाठोपाठ माळव्यात आलेली मराठी घरं आजही घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-माळवी बोलतात. आमचं त्यातलंच एक. पुरुष शिकले, हिशेब लिहू लागले. बायकांच्या वाट्याला ओव्या आल्या, अक्षरं नाही आली. आई खानदेशातून लग्न होऊन इकडे आली, तीही निरक्षरच. तिच्या वडिलांची पोस्टकार्डं यायची. आजोबा, म्हणजे तिचे सासरे, ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचायचे. आई दाराआड उभी राहून ऐकायची. वाचून झालं की कार्ड तिच्या हातात पडायचं आणि ती ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची.

८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ हे प्रौढ साक्षरता अभियान सुरू झालं. २००१च्या जनगणनेत प्रौढ स्त्रियांची साक्षरता पन्नास टक्के किंवा त्याहून कमी असलेले जिल्हे त्यात घेतले होते. उद्दिष्ट सात कोटी माणसांचं, त्यात सहा कोटी स्त्रिया. ग्रामपंचायतीमागे एक केंद्र, केंद्रावर दोन प्रेरक, आणि प्रेरकाला महिन्याला दोन हजार रुपये मानधन. आमच्या गावची दीदी भिलाला समाजातली, बारावी झालेली. वयाने ती आईच्या नातीएवढी. तरी आई तिला दीदीच म्हणायची आणि ती आईला काकी.

सोयाबीनच्या कापणीत वर्ग ओस पडायचा. मग दीदी फळियात, म्हणजे वस्तीत, घरोघर फिरायची. कोणाच्या सासूला समजवायची, कोणाचं पोर कडेवर घ्यायची. हे काम कुठल्या अहवालात येत नाही, पण वर्ग चालतो तो ह्याच कामावर. बायकांबरोबर नातवंडंही येऊन बसायची. आजी ‘क’ गिरवते आहे हे पाहून माझा भाचा घरी स्वतःची पाटी काढायला लागला. पुढे दोघं एकाच पुस्तकावर डोकं टेकवून वाचायची, आणि अडायचं कोण, तर बहुतेक वेळा भाचाच.

आईची पेन्सिल सुरुवातीला कागद फाडायची. खुरपं धरून घट्टे पडलेल्या हाताला हलकं धरणं जमेना. दीदी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून रेघ ओढायची. मार्चमधली परीक्षा शाळेच्या इमारतीत झाली. वाचन, लेखन, गणित, प्रत्येकी पन्नास गुण. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. आई पास झाली.

त्यानंतर तिने पेटी उघडली.

हिंदीची आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे वडिलांचं अक्षर तिला हळूहळू लागू लागलं. एका कार्डावर मात्र ती अडली. तिथे एक अक्षर होतं, जे तिच्या वर्गातल्या पुस्तकात कुठेच नव्हतं. कार्ड घेऊन ती केंद्रावर गेली. दीदीने ते उलटसुलट पाहिलं आणि ती म्हणाली, “काकी, ये अक्षर हमारी किताब में नहीं है.” तिथूनच आईने मला इंदूरला फोन लावला आणि त्या अक्षराचं वर्णन केलं: आडवे दोन गोल, एकमेकांना चिकटलेले. मी सांगितलं, तो ळ. दीदी हसली. माळवीत तो उच्चार रोजचाच. ती फक्त त्याचं रूप पहिल्यांदा पाहत होती. फळ्याच्या कोपऱ्यात तिने तो मोठा काढला आणि सगळ्या बायकांकडून गिरवून घेतला.

आईचा अडलेला शब्द होता ‘तळमळते’. ‘तुझी आई तुझ्यासाठी तळमळते, चार दिवस पाठवून द्यावे.’ ही ओळ आजोबांनी ओट्यावर कधी वाचलीच नव्हती. पेरणीचे दिवस असतील, घरात हात कमी असतील; कारण काय ते आता विचारणार कोणाला? त्या वर्षी आईची आई गेली, तेव्हा आई सासरीच होती. इतक्या वर्षांनी आईने ते कार्ड स्वतःच्या तोंडाने वाचलं. रडली, आणि मग पेटीतली बाकीची सगळी कार्डं एकेक करून वाचून काढली. माहेरचा निरोप तिला मधल्या माणसाशिवाय मिळाला तो असा. दीदीचं देणं मी म्हणते ते हे.

३१ मार्च २०१८ला साक्षर भारत बंद झालं. देशभरातल्या प्रेरकांचं काम एका तारखेला संपलं. आमच्या केंद्राच्या खोलीला कुलूप लागलं. दीदी आता नवऱ्याबरोबर हंगामात गुजरातेत मजुरीला जाते.

२०२२ मध्ये नवी योजना आली, ‘नव भारत साक्षरता कार्यक्रम’, म्हणजेच उल्लास. पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी माणसांचं. म्हणजे एका माणसामागे सुमारे दोनशे आठ रुपये, तेही पाच वर्षांत मिळून. साक्षर भारतचा मंजूर खर्च ६,५०२.७० कोटी होता, माणशी सव्वानऊशेच्या आसपास. तेवढ्याने तेव्हाही भागत नव्हतं. आता शिकवायचं ते स्वयंसेवेने, मानधनाशिवाय. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे. पण कापणीच्या दिवसांत स्वतःची मजुरी बुडवून दारोदार फिरणाऱ्या गरीब घरच्या मुलीकडून हे काम फुकट मागणं अन्यायाचं आहे. ज्यांना फुकट काम परवडतं ती माणसं फळियापर्यंत फार क्वचित पोचतात.

आपल्या आयांना, आज्यांना कोणी तरी अक्षर दिलं असेल, तर त्या माणसाला शोधून भेटा. आणि आपल्या आमदार-खासदारांना एक पत्र लिहा: गावोगावच्या प्रेरकांना पुन्हा कामावर घ्या आणि त्यांना जगता येईल एवढं मानधन द्या. माझं पत्र गेलं आहे. त्याखाली माझ्या सहीशेजारी आईचीही सही आहे.