रंगासाठी हललेलं गाव

भूजहून भचाऊच्या रस्त्याला लागलं की दहा-पंधरा किलोमीटरवर अजरखपूर येतं. गाव कच्छमधल्या कुठल्याही गावासारखं. बाभळी, धूळ आणि डोक्यावर मोकळं आभाळ. पण आत शिरताच लाकडी ठशांची ठक-ठक कानी पडते आणि जमिनीवर वाळत घातलेले लांबच लांब तागे दिसतात. कुठे पिवळट, कुठे करडे, कुठे गर्द निळे. पाहुण्याला वाटतं, हे सारं शेकडो वर्षं इथे असंच चालू असेल. कला खरंच तितकी जुनी आहे. गाव मात्र २००१ च्या भूकंपानंतरचं आहे. आणि ते इथे वसलं ते पाण्याच्या शोधात.

हे खत्री कारागीर मूळचे सिंधचे. सोळाव्या शतकात कच्छच्या रावांनी त्यांना बोलावून घेतलं, असं ते सांगतात. भूजच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर, सारण नदीच्या काठी धमडका गावात ते वसले. अजरखला वाहतं पाणी हवं, कारण एकच कापड पुनःपुन्हा धुवावं लागतं. पुढे नदी आटली, विहिरी आणि बोअर आले. काम तरीही चालू होतं. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी धमडका जमीनदोस्त झालं. माणसं गेली, घरं गेली, ठसे ढिगाऱ्याखाली गेले. उरलेल्यांनी पुन्हा हौद भरले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. हात तेच, कृती तीच, पण रंग पूर्वीसारखा उतरेना. जमिनीखालच्या पाण्यात लोह वाढलं होतं.

पाण्यातल्या चिमूटभर लोहाने एवढं काय बिघडतं? त्यासाठी अजरख कसा होतो हे पाहायला हवं.

कोरं कापड आधी सोडा, एरंडेल आणि उंटाच्या लेंड्या घालून भिजवतात, वाळवतात, धुतात. मग ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. महाराष्ट्रात जुन्नर-भीमाशंकरच्या डोंगरात गोळा करतात, तोच हा हिरडा. त्याने कापडाला फिकट पिवळी झाक येते. यावर चुना आणि डिंकाच्या रेघा छापतात. तिथे रंग शिरत नाही, पांढरी नक्षी राहते. काळ्या रंगासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पिंपात पंधरवडाभर आंबवतात. हे पाणी हिरड्यावर टेकलं की तिथल्या तिथे काळं होतं.

लाल रंगाची गंमत मात्र वेगळीच आहे. छापणारा लाल रंग छापतच नाही! तो छापतो तुरटी. त्या वेळी कापडावर जेमतेम फिकट डाग दिसतो. पुढे कापड निळीच्या हौदात जातं, हिरवट होऊन बाहेर येतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. शेवटी मंजिष्ठेच्या किंवा ॲलिझरिनच्या उकळत्या पाण्यात, जिथे जिथे तुरटी असेल तिथे तिथे लाल उमलतो. तोपर्यंत दिवसामागून दिवस गेलेले असतात आणि चूक झाली असली तरी दुरुस्त करायची सोय नसते.

तुरटीने लाल देणारी हीच मंजिष्ठा लोहाशी गाठ पडली की काळपट, जांभळट होते. म्हणजे धमडक्याच्या बदललेल्या पाण्यात कारागिराने न छापलेला गडद रंग सगळ्याच कापडात मिसळू लागला. लाल मळकट दिसू लागला. अखेर अनेक कुटुंबांनी मिळून, पाणी पाहून, दुसरीकडे जमीन घेतली. काही जण धमडक्यातच राहिले आणि तिथेही आज छपाई चालते. ज्यांनी गाव सोडलं, त्यांनी नव्या वस्तीला नाव दिलं ते आपल्या कापडाचंच.

फसलेल्या रंगातून शिकण्याची या घरांना सवय होतीच. मध्यंतरी झटपट रासायनिक रंगांनी जुन्या कृती मागे पडल्या होत्या. १९७० च्या दशकात धमडक्याच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी वनस्पतींच्या रंगांकडे पुन्हा वळायचं ठरवलं. त्यांचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना २००३ मध्ये ब्रिटनच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. अशा कामात हिशेबाची वही थोडी आणि वाया गेलेली चिंधी फार उपयोगी पडते. डाळिंबाच्या सालीने पिवळा येतो, पण त्यावर लोहाचं पाणी पडलं तर तो करडा-हिरवट होतो. कुणाला तो डाग वाटेल, कुणाला नवा रंग.

अजरखपूरला हौशी पाहुण्यांनाही रुमाल छापून पाहता येतो. ठसा सरळ टेकवणं किती अवघड असतं, हे तेव्हा कळतं! पावसाळ्यात तर जाऊच नये. दमट हवेत चुन्याची रेघ वाळत नाही, फुटते; कारागीरही हात आवरता घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. गावातलं ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ हे २०१६ मध्ये उघडलेलं संग्रहालय कच्छच्या भरतकामासाठी आवर्जून पाहावं. खरेदी करताना कापड उलटून पाहा. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. बाजारातल्या स्क्रीन-प्रिंटच्या नकलांची मागची बाजू बहुधा फिकी निघते.

गेल्या वर्षीच्या ओढणीला जुळणारा तुकडा मागणारी गिऱ्हाइकंही इथे येतात. कारागीर वाद घालत नाही, दोन तागे उलगडतो. एकाचा लाल विटेकडे झुकलेला, दुसऱ्याचा डाळिंबाच्या दाण्याकडे. ठसा तोच, हौद तोच. एक पौषात रंगलेला, दुसरा वैशाखात. ओढणीशी दोन्हींपैकी एकही तंतोतंत जुळत नाही. गिऱ्हाईक दोन्ही उजेडात धरून पाहतं, बराच वेळ पाहतं आणि बहुधा दोन्ही बांधून घेतं.