किती आणि किती वेगाने

बारावीच्या वर्गात 'एक्स वर्गाचं डेरिव्हेटिव्ह काय?' असं विचारलं, की 'टू एक्स' हे उत्तर सगळ्या बाकांवरून एकदम येतं. मग मी पुढे जाते. एक्स वर्गात तीन घातले की नऊ आले, टू एक्समध्ये तीन घातले की सहा आले. नऊ कशाचे ते कळलं. हे सहा कशाचे? इथे वर्ग थांबतो. मुलं अभ्यासू असतात, सीईटीची गणितं धडाधड सोडवतात. पण एखादी राशी किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या दोन गोष्टी त्यांच्या मनात अजून सुट्या झालेल्या नसतात. कॅल्क्युलस शिकवायचं म्हणजे आधी या दोन गोष्टी सुट्या करून दाखवायच्या, असं मी मानते. सूत्रं मागाहून.

त्यासाठी मी वर्गात पितळी कळशी नेते. सोबत एक पेला आणि लांब फूटपट्टी. एक जण पेले ओततो, एक जण फूटपट्टी उभी बुडवून ओली खूण कुठवर आली ते वाचते, तिसरा फळ्यावर आकडे मांडतो. मात्र ओतण्याआधी प्रत्येकाने अंदाजाने आलेख काढायचा: आडव्या अक्षावर पेले, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. दरवर्षी काही वह्यांत चक्क कळशीच उतरते. रेघ आधी फुगत वर जाते आणि गळ्याशी खाली वळते. मी ती खोडायला लावत नाही. एवढंच विचारते, "तुझी रेघ इथे खाली आली, पेला ओतल्यावर पाणी खाली गेलं का रे?" तो स्वतःच खोडरबर शोधू लागतो.

मग ओतायला सुरुवात होते. तळाशी पाणी भराभर चढतं. पोटाशी आलं की पेल्यामागून पेला रिकामा केला तरी खूण जेमतेम सरकते. गळा आला की पुन्हा उसळी. आता लगतच्या दोन नोंदींची वजाबाकी करून तिसरा रकाना भरायचा. उंचीच्या रकान्यातले आकडे वाढतच गेलेले असतात. वजाबाकीच्या रकान्यातले मात्र आधी उतरतात आणि मग चढतात. उंची कुठेच घटली नाही, घटली ती वाढ. हा फरक कुणाच्या तरी तोंडून आपणहून येईपर्यंत मी तास पुढे रेटत नाही. पोर्शन मागे पडला तरी चालेल.

कारणही आकड्यांतच दिसतं. पेला २०० मिलिलिटरचा आहे, कळशीचा आडवा छेद पोटाशी ५०० चौरस सेंटीमीटर आणि गळ्याशी १०० आहे असं धरू. तोच पेला पाणी पोटाशी ०.४ सेंटीमीटर चढवतो आणि गळ्याशी २ सेंटीमीटर. कळशी जिथे सर्वांत रुंद, तिथे वाढ सर्वांत कमी. पुस्तकातला 'पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन' नेमका तिथे बसलेला असतो. आणि तो तिसरा रकाना हेही एक फंक्शनच आहे, त्याचाही आलेख निघतो, हे कळलं की निम्मं काम झालं.

यापुढची अडचण खरी खोल आहे. पेल्यागणिक वाढ कळली, पण एका ठरावीक क्षणी वेग किती? क्षणात वेळच गेलेला नाही, मग वेग कुठून येणार? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार मोलाचा वाटतो, कारण सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या नव्या गणितापुढेही तोच प्रश्न उभा होता. त्याला व्याख्या ऐकवून गप्प करू नये, कॅल्क्युलेटर हातात द्यावा. वरून सोडलेला दगड टी सेकंदांत ४.९ गुणिले टी वर्ग एवढे मीटर पडतो. पहिल्या ते दुसऱ्या सेकंदापर्यंतचा सरासरी वेग १४.७. १ ते १.१ पर्यंतचा १०.२९. १ ते १.०१ पर्यंतचा ९.८४९. १ ते १.००१ पर्यंतचा ९.८०४९. पुढचा आकडा मुलं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवूनच सांगतात: ९.८००४९. शून्याने कुणीही भागलेलं नाही, तरी सगळे आकडे कुठे निघाले आहेत ते दिसतंय. लिमिटची लेखी व्याख्या मी यानंतर फळ्यावर लिहिते.

वजाबाकीचा हा रकाना आपल्याकडे फार जुना आहे. इ.स. ४९९ च्या सुमाराला आर्यभटाने 'ज्या'ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली ती मुळात फरकांचीच: २२५, २२४, २२२, २१९... ३७, २२, ७. एकूण २४ आकडे, पावणेचार अंशांच्या पायरीने. साठ अंश ही सोळावी पायरी. तिच्या अलीकडचा फरक ११९, पलीकडचा १०६, दोहोंची सरासरी ११२.५. म्हणजे पहिल्या २२५ च्या बरोबर निम्मा, आणि साठ अंशांचा कोसाइनही अर्धाच. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना साइनच्या वाढीसाठी हाच कोसाइन वापरला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातवाने मठ उभारला, त्याचा शिलालेख आमच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. मुलांना हे सांगताना मला भरून येतं.

मग मी त्यांना तोच रकाना आणखी एकदा वजा करायला लावते. १, २, ३, ४, ५, ५, ६, ८... शेवटाकडे १४, १४, १५, १५. आकडे पूर्णांकांत असल्यामुळे पायऱ्या थोड्या खडबडीत पडतात, पण चाल ओळखू येते: सुरुवातीला भराभर वाढ, शेवटी जवळपास सपाट. ही तर साइनचीच चाल! प्रत्येक पुढचा फरक लहान होत गेला, म्हणून वर वजाचं चिन्ह. साइनचं दुसरं डेरिव्हेटिव्ह वजा साइन, हे मुलं आता स्वतःच सांगतात, आणि मी ते फळ्यावर लिहून घेते.