घर पाहावं बेटावर!

‘घर पाहावं बांधून’ असं आजी नेहमी म्हणायची. आम्ही बांधणार नव्हतोच, आयतं विकत घेणार होतो. आणि तेही पुण्यात नाही, थेट बेटावर!

सुरुवात झाली हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात, गाडी पाऊण तासात जेमतेम एक किलोमीटर सरकलेली. मी स्टिअरिंगवर, नवरा मोबाइलवर. ‘हे बघ, बॉस!’ म्हणत त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. लाल चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, दारात बसायला दगडी सोपा आणि मागे हिरवंगार भातशेत. खाली लिहिलं होतं : दिवाडी बेट, गोवा. किंमत? आमच्या ऑफिसजवळच्या टू-बीएचकेएवढी. त्या टू-बीएचकेच्या बाल्कनीतून दिसतं काय, तर समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

सात वर्षांची बचत होती, दोघांचे बोनस होते आणि आईने स्वतःहून ‘माझी एफडी मोडू का?’ विचारलं होतं. म्हणजे प्रकरण सिरियस होतं. जानेवारीत एका लाँग वीकेण्डला आम्ही निघालो.

फेरीबोटीतून घराकडे

दिवाडी म्हणजे मांडवी नदीतलं बेट. करमळी स्टेशनवर उतरायचं, जुन्या गोव्याची भलीमोठी चर्चेस मागे टाकायची, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यायचं आणि फेरीबोटीत चढायचं. रायबंदरहून आणि पलीकडे नार्व्याहूनही फेरी आहे. गंमत म्हणजे कोकण रेल्वे या बेटावरून जाते, पण थांबत नाही. मांडवी एक्सप्रेसच्या खिडकीतून तुम्ही दिवाडी बघितलेलं असणार, फक्त ते दिवाडी आहे हे कळलं नसणार.

फेरी काही मिनिटांचीच. पण तेवढ्यात काहीतरी होतं खरं. शाळेची पोरं, स्कूटर, माशांची टोपली, पोळीवाल्या पोदेराची सायकल, सगळे एकाच लोखंडी तळावर उभे असतात आणि कुणालाच घाई नसते. मी सवयीने घड्याळ बघितलं आणि मलाच हसू आलं.

बेटावर पोचलं की आधी खाजनाची सपाट शेतं, मग झाडीतून वर चढत जाणारा रस्ता आणि टेकडीवर पियेदादचं चर्च. तिथून चारी बाजूंना पाणी दिसतं. या बेटाचा इतिहास आपल्याशीही जोडलेला आहे. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं इथलंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला गेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. थोडक्यात काय, या बेटावर घर बदलायची वेळ देवालाही चुकलेली नाही.

हे सगळं तुमचंच!

घर फोटोपेक्षा सुंदर होतं. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या, त्यातून आत येणारा दुधाळ उजेड. माझा नवरा कौलांकडे बघत मनातल्या मनात वर्कस्टेशन मांडायला लागलेला! एजंटने मागच्या शेताकडे हात फिरवला, ‘मॅडम, हे सगळं तुमचंच समजा.’ घरामागच्या खोपीतून एक म्हातारे काका बाहेर आले. ‘आणि हे कोण?’ मी विचारलं. ‘वॉचमन,’ एजंट म्हणाला, ‘त्याचं काय ते आम्ही बघून घेऊ. टोकन तेवढं उद्या द्या, दुसरी पार्टी तयार आहे.’

शेजारच्या सोप्यावर एक आंटी बसल्या होत्या. सत्तरीच्या तरी असतील. त्यांनी आम्हाला बोलावलं, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘तुमी वर्साक कितले दीस रावतले?’

वर्षाला किती दिवस राहणार? मी म्हटलं, ‘येऊ ना आंटी, जमेल तसं.’ त्या काही बोलल्या नाहीत. पण नंतर फेरीबोटीत आम्ही दोघांनी बोटं मोडून हिशेब केला. दिवाळी, नाताळ, दोन-चार लाँग वीकेण्ड, उरलेल्या रजा... ताणूनताणून चाळीस दिवस. म्हणजे ३२५ दिवस कुलूप.

वकीलबाईंनी उतरवलं विमान

टोकन देण्याआधी पणजीतल्या एका वकीलबाईंना कागद दाखवले. आमचं नशीब बलवत्तर म्हणायचं! बाईंनी चष्मा वर केला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, सह्या. गोव्यात लग्न, मालमत्ता आणि वारसा यांचे नियम पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या वळणाने चालतात. वारशासाठी आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे. मुलगा-मुलगी समान वारस. आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा, त्यामुळे विकताना जोडीदाराची सहीही हवी. या घराला अकरा सह्या लागणार होत्या. एजंटकडे होत्या सहा. उरलेल्यांपैकी कुणी लिस्बनला, कुणी टोरांटोला आणि एका वहिनींचा तर पत्ताच नाही.

दुसरी गोष्ट, ते ‘वॉचमन’ काका. बाईंनी विचारलं, ‘किती वर्षं राहतात तिथे?’ आम्ही काय सांगणार? मग बाईंनीच चौकशी केली. काकांचा जन्मच त्या खोपीतला. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या अशा माणसाला गोव्यात मुंडकार म्हणतात. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही. उलट, ते घर आणि गावात असेल तर भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क त्यालाच आहे. ‘बघून घेऊ’चा अर्थ आता आमच्या डोक्यात शिरला. आमच्या स्वप्नातल्या वर्कस्टेशनसाठी एका म्हाताऱ्याला त्याच्या जन्माच्या घरातून उठवायचं होतं. माझ्या आईच्या एफडीच्या पैशांनी!

तिसरी गोष्ट, ते हिरवंगार शेत. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. म्हणजे ‘हे सगळं तुमचंच’ मधलं बरंचसं आमचं होऊच शकत नव्हतं.

बांधावरचं शहाणपण

परतायच्या आधी पुन्हा बेटावर गेलो. काकांना भेटायचं होतं. कशासाठी, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ‘चल बाय,’ म्हणत ते आम्हाला शेताच्या बांधावर घेऊन गेले.

खाजन हा काय अफाट प्रकार आहे, हे तेव्हा कळलं. नदीचं पाणी इथे भरती-ओहोटीचं, खारट. ते अडवायला चिखलमातीचे बांध घातलेत, आणि बांधात पाण्याच्या वाटेवर लाकडी दारं. त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो, दाराशी मासे नि सुंगटं मिळतात. हे सगळं पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकऱ्यांनी एकत्र उभं केलेलं आणि सांभाळलेलं. त्या व्यवस्थेचं नाव गांवकरी. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. गांवकरांच्या घराण्यातल्या मुलग्यांना उत्पन्नातला वाटा मिळायचा, त्याला ‘जोण’ म्हणतात.

काकांनी बांधाला पडलेलं खेकड्याचं बीळ पायाने दाबलं. म्हणाले, ‘हो बांद फुटलो जाल्यार खारें उदक शेतांत भरतलें. मागीर कोण येतलो?’

कोण येणार? चाळीस दिवसांवाले तर नाहीच. आंटी जानेवारीत काय विचारत होत्या, ते मला बांधावर कळलं. त्या आमच्या रजा मोजत नव्हत्या. बांध फुटेल त्या रात्री शेजारच्या घरात दिवा असेल का, एवढंच त्यांना हवं होतं.

ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी बोंदेराला पुन्हा गेलो. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले आणि लोकांनी ते पाडले. त्या भांडणाचा आता हा रंगीत सण झालाय. मिरवणूक, बँड, बांबूच्या पिचकाऱ्यांतून उडणारी फळं, फुल्टू धमाल! पण गर्दीतून चालताना मी मोजत गेले. नव्याकोऱ्या रंगाची, सुंदर दिव्यांची आणि मोठ्या कुलपाची घरं. सणालासुद्धा बंद. आमचं घर त्यांच्यातलंच एक होणार होतं.

मग काय केलं?

सोपं नव्हतं. नवरा दोन आठवडे माझ्याशी तुटक वागत होता. ‘आपण नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल,’ हा त्याचा मुद्दा, आणि तो खोटाही नव्हता. पण काकांचं नाव निघालं की तोही गप्प व्हायचा. शेवटी एजंटला नाही म्हणून कळवलं. आईची एफडी जागच्या जागी राहिली.

आणि नोव्हेंबरपासून आम्ही पियेदादला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. महिन्यातले दहा-बारा दिवस ऑफिस इथूनच. नेट कधी जातं, फेरी कधी चुकते, कॉल कधी पोदेराच्या भोंप्यात बुडतो. एका भरतीच्या सकाळी बांधावर मातीची घमेली उचलली, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपपुढे बसवत नव्हतं!

घर कदाचित घेऊही, पुढे कधीतरी. आंटी मात्र हिशेबाला पक्क्या आहेत. परवा सोप्यावरून त्यांनी विचारलं, ‘कितले दीस जाले?’ मी अभिमानाने सांगितलं, ‘शहाऐंशी!’

त्यांनी मान हलवली. ‘पावस येवंदी,’ म्हणाल्या. ‘मागीर पळोवया.’

बेटावर घर घेताय? आधी हे बघा
• फॉर्म १-१४ हा गोव्याचा सातबारा. त्यातल्या मालकांबरोबर ‘इतर हक्क’ आणि कुळाचे रकानेही वाचा.
• सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांच्या सह्यांची यादी वकिलाकडून करून घ्या. एजंटच्या यादीवर विसंबू नका.
• जागेत कुणी राहत असेल तर त्याच्याशी स्वतः बोला. ‘वॉचमन’ हा शब्द पुरावा नव्हे.
• नदीकाठी सीआरझेडचे नियम लागू होतात. साध्या दुरुस्तीआधीही परवानगीची चौकशी करा.
• घर एकदा जुलैत बघा. जानेवारीत सगळीच घरं सुंदर दिसतात!