बिनतारी हुंडी

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, असे आपण सहज म्हणतो. परंतु वस्तुतः पुष्कळदा प्रवास करितो तो केवळ निरोप. ‘अमुक इसमास इतके रुपये द्यावे’ एवढा शब्द जातो, आणि त्याच्या भरवशावर पलीकडचा मनुष्य आपली थैली सोडतो. हा शब्द कोणत्या वाटेने जावा, हा प्रश्न जुनाच आहे; तथापि आमच्या टेंभुर्णीसारख्या गावात त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

पूर्वी हा निरोप हुंडीच्या कागदावरून जात असे. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिची दुसरी प्रत देत. तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली, तर तिसरी, ती ‘परपेठ’. प्रती कितीही निघोत, पैसे मात्र एकदाच द्यावयाचे, हा या व्यवहाराचा कणा होता. पुढे 1880 मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, व कालांतराने ती तारेनेही जाऊ लागली. 1927 मध्ये खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांनी आपल्या प्रांतातून थेट इंग्लंडशी संदेशांची देवघेव सुरू केली. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, आणि आता हा निरोप बहुधा मोबाइलवरून जातो.

आमचे गाव जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात आहे. गेल्या मृगात माझ्या वडील बंधूंनी पुण्याहून आईच्या खात्यावर कपाशीच्या बियाण्यासाठी रक्कम पाठविली. त्याच दिवशी वादळाने वीज गेली व मोबाइलचा मनोरा मुका झाला. पैसे खात्यावर होते, परंतु दुकानदारास देता येत नव्हते. तो म्हणाला, “वहिनी, वाफसा काही रेंजची वाट बघत नाही. न्या पिशव्या, वहीत मांडून ठेवतो.” आमची पेरणी साधली. परंतु त्याच दुकानात उभा असलेला, परगावाहून नुकताच आलेला एक बटाईदार रिकाम्या हाताने परतला. त्याच्या नावाचे पान त्या वहीत नव्हते. त्याचा तो चेहरा पाहून या विषयाची चौकशी करण्याची बुद्धी मला झाली.

इंटरनेटवाचून पैसे पाठविण्याची सोय आपल्या देशात आहे. साध्या फोनवर *99# हा क्रमांक फिरविला की बँकेशी बोलता येते. 2014 पासून ही सेवा सर्वांस खुली झाली. 8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनधारकांसाठी ‘यूपीआय 123पे’ ही योजना सुरू केली. मात्र या दोहोंसही मनोरा जिवंत असावा लागतो.

मनोऱ्यावाचून निरोप नेण्याचे सामर्थ्य रेडिओत आहे, आणि याचा प्रयोग बिटकॉइन या चलनावर झालेला आहे. 2009 मध्ये निघालेल्या या चलनाची खातेवही एका पेढीत नसून जगभरच्या असंख्य संगणकांवर एकसारखी लिहिली जाते. देणाऱ्याने गणिती सही केलेला साधा व्यवहार दोन-अडीचशे बाइटांत मावतो. तो वाटेत कोणी ऐकला, तरी त्यात फेरफार करिता येत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये रॉडॉल्फो नोव्हाक व इलेन ओउ या दोघांनी टोरांटो ते सान फ्रान्सिस्को अशी बिटकॉइनची देवघेव हौशी रेडिओवरून करून दाखविली. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन गेल्या. त्यापूर्वी, 2017 मध्ये, ब्लॉकस्ट्रीम कंपनीने ही खातेवही उपग्रहावरून प्रक्षेपित करण्यास आरंभ केला होता.

तर मग अडचण कोठे आहे? निरोप पोहोचणे निराळे आणि पैसे मिळणे निराळे. एकच नाणे कोणी लबाडाने दोन वाटांनी दोघांस पाठविले, तर खरे कोणते? खातेवहीत आधी नोंदले जाईल ते. म्हणून रेडिओने आलेला निरोप इंटरनेट असलेल्या एखाद्या केंद्राने त्या वहीपर्यंत नेलाच पाहिजे, आणि नोंद होईपर्यंत घेणाऱ्याने थांबलेच पाहिजे. पेठ आणि परपेठ यांचा जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये जोडणीवाचून पैसे देण्यास मुभा दिली, तेव्हा एका वेळी 200 रुपयांचीच मर्यादा घातली, व ती ऑगस्ट 2023 मध्ये 500 वर नेली. त्याचे मर्म हेच की, नोंद लांबली तर बुडणारी रक्कम लहान असावी.

शिवाय आपल्या देशात बिटकॉइन हे कायदेशीर चलन नाही, व हौशी रेडिओच्या परवान्यावर व्यापारी निरोप धाडण्यास मनाई आहे. परंतु तो परवाना परीक्षा देऊन बारा वर्षांच्या मुलासही मिळू शकतो, आणि 2001 च्या गुजरातमधील भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी तुटलेले दळणवळण सांधण्यास हातभार लावला होता, हे विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवावे.

नवी युक्ती पुढे आली की आपण तिला तीन प्रश्न विचारावे: सही कोणाची? पैसे एकदाच जातील, याची हमी कोण देतो? आणि वाट तुटली असता, ज्याची गावात पत नाही त्याचे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे गणिताने बरीचशी दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे. आणि ते देणारा विद्यार्थी एखाद्या टेंभुर्णीतूनच यावा, अशी माझी मनीषा आहे.