जुनी जीप आणि काळी माती

अमरावती-अकोल्याकडे कुणालाही विचारा, जुनी फोर बाय फोर जीप कोण घेतो? उत्तरे ठरलेली मिळतील. लग्नात नवरदेव मिरवणारे, निवडणुकीत फिरणारे, नाहीतर ज्यांच्याकडे पैसा जास्त झाला असे शौकीन. उर्दू शाळेचे मास्तर या यादीत कुठेच नाहीत. त्यामुळे आम्ही तिघांनी मिळून 1993 सालची एमएम 540 घेतली, तेव्हा मोहल्ल्यात काही दिवस आमचाच विषय चालला. "सरांना लॉटरी लागली काय?" इथपासून "सर आता ट्यूशन सोडून काळीपिवळी चालवणार," इथपर्यंत.

आम्ही तिघे बी.एड.चे सोबती. दोघे अमरावतीत, एक अकोल्यात. तिघांचीही वये तिशीतली, तिघांच्याही पगारातून घराचा हप्ता कापला जातो. गाडीचा शौक तिघांनाही होता हे खरे, पण नुसत्या शौकासाठी आम्ही एवढे धाडस केले नसते. कारण वेगळे होते आणि ते मातीत होते.

जून 2022 मध्ये आमच्या याच दोन जिल्ह्यांमध्ये, लोणी ते माना या टप्प्यात, 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत तयार झाला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आम्हीही मुलांना वर्गात ते अभिमानाने सांगितले. पण त्या महामार्गावरून उत्तरेला वळून पूर्णा नदीकडे गेले की खारपाणपट्टा लागतो. तिथे जमिनीखालचे पाणी खारे आणि वरची माती काळी, खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि मग पायाला, चपलेला, चाकाला अशी चिकटते की सोडत नाही. आमच्यातल्या एकाचे मूळ गाव दर्यापूर तालुक्यात या पट्ट्यातच आहे. गावापासून तीन किलोमीटरवर पंधरा-वीस घरांची शेतवस्ती आणि मध्ये पांधण. त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकल्यापासून पावसाळ्यात त्या वस्तीवर जायचे म्हणजे पायीच.

त्या वस्तीवरच्या पाच मुली तालुक्याच्या उर्दू हायस्कुलात जातात. गावात उर्दू शाळा चौथीपर्यंतच. गावापासून पुढे एस.टी. आहे, ऑटो आहे. अडचण त्या तीन किलोमीटरची. जुलै ते सप्टेंबर त्यांची हजेरी कशी असते हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. हजेरी कमी झाली की अभ्यास मागे पडतो, अभ्यास मागे पडला की घरचे म्हणतात, "आता राहू द्या." मुलीची तालीम फार वेळा कुणाच्या विरोधामुळे थांबत नाही, चिखलामुळे थांबते.

गाडी कोणती घ्यावी यावर आमची वर्षभर चर्चा चालली. फोर बाय फोर थार रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या पुढे जाते, तेव्हा तो विषय पहिल्याच दिवशी संपला. एकाला जोंगा हवी होती. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली, निसानच्या बांधणीची दणकट गाडी. तिचे इंजिन जवळजवळ चार लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. मास्तरांच्या पगारात ती फक्त उभी ठेवता येते. दुसऱ्याचे मन जिप्सीवर होते. जिप्सी 1985 च्या अखेरीस बाजारात आली. हलकी गाडी, आणि चिखलात हलकेपणा हाच मोठा गुण. मेळघाटात पर्यटकांना फिरवतात त्या जिप्सीच. पण तिला पेट्रोल लागते, आणि चांगल्या जिप्सीची किंमत शौकीन लोकांनी आता फार चढवून ठेवली आहे.

शेवटी निकाल दिला तो वलगाव रोडवरच्या आमच्या उस्तादांनी. टिनाच्या शेडमध्ये त्यांचे गॅरेज आहे. साठी ओलांडली, शिक्षण चौथी, उर्दू. परतवाड्यात लाकडाच्या ट्रकांवर आणि जंगलातल्या जीपांवर त्यांनी हुनर शिकले. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, गाडी बिगडेंगी कहाँ? शहर में, के खेत में?" आम्ही म्हणालो, शेतात. "तो फिर वो गाडी लो, जो खेत के बाजूवाले गाँव का मिस्त्री खोल सके." एवढ्यावर आमची वर्षाची चर्चा संपली. महिंद्राची डिझेल जीप, तिचे फ्रेंच प्यूजो बांधणीचे 2112 सीसीचे साधे इंजिन, ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. दर्यापूर, अकोट, धारणी कुठेही तिला उघडणारा हात सापडतो आणि बहुतेक सुटे भागही मिळतात.

याच गप्पांत एकदा उस्ताद म्हणाले, "ये कंपनी में पहले अपना भी एक आदमी था." आम्हाला ती दंतकथा वाटली, पण गोष्ट इतिहासातली आहे. 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. महिंद्रा बंधूंबरोबर मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार होते. अलीगढला शिकलेले, हिशेबाचे जाणकार. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. फाळणीने घरे, शेते, कबरी वाटल्या हे आपण वाचतोच. एका कंपनीच्या पाटीवरची दोन नावेही तिने वेगळी केली. एक भागीदार गेला. जीप इथेच राहिली, आणि तिला चालू ठेवणारे वलगाव रोडवरचे हातही इथेच राहिले.

गाडी अकोल्याला मिळाली, एम.एच. 30 पासिंगची. उस्तादांनी तिची परीक्षा घेतली ती पाहून आम्हा परीक्षकांना लाज वाटावी. रंगाकडे त्यांनी पाहिलेच नाही. आधी चेसिसचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहिला, मग इंजिनचा. मग गाडीखाली झोपून, कमानपाटे चेसिसला जिथे बसतात तिथे हातोडीने हळूहळू ठोकत गेले. पक्के लोखंड खणखणते, गंजलेले बद बोलते. गिअरबॉक्सचे आणि दोन्ही धुऱ्यांचे ऑईल बोटावर घेतले. ते दुधाळ असते तर आत पाणी शिरले आहे असे समजायचे. मग मोकळ्या मातीत नेऊन फोर बाय फोरचा लिव्हर टाकला, लोमध्ये घालून गाडी चढावर नेली, उतारावर नेली. आमच्यातला एक डांबरावरच लिव्हर टाकून पाहू म्हणाला, तर त्यांनी हात धरला. कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडे घसरून तो फरक काढून टाकते, डांबरावर तो सगळा ताण गिअरांवर येतो. सगळे पाहून झाल्यावर ते म्हणाले, "पास है. फर्स्ट क्लास नहीं, मगर पास है." एक लाख साठ हजारांत सौदा झाला.

आता तिच्यात बदल काय करायचे? आमच्या डोक्यात मोबाइलवर पाहिलेल्या गाड्या होत्या. रुंद टायर, उंच उचललेली बॉडी, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग. उस्ताद हसले. "सर, गाडी को जेवर नको पिनाओ. जूते अच्छे पिनाओ."

कायदाही त्यांच्याच बाजूने होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना 2017 च्या डिसेंबरात कळवले होते. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावे लागते. तेव्हा आमच्या गाडीत भर कमी पडली आणि तिच्यातून निघाले जास्त. आधीच्या मालकाने लावलेले गार्ड काढले. सवाऱ्या कोंबण्यासाठी कमानीत घातलेला जास्तीचा पाटा काढला. गाडी मऊ झाली आणि खड्ड्यात चारही चाके जमिनीला धरू लागली.

घातले ते एवढेच. कंपनीने सांगितलेल्या मापाचेच, अरुंद, पण मोठ्या मोकळ्या नक्षीचे टायर. रुंद टायर काळ्या चिखलावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला जाऊन टेकतो. बैलगाडीचे चाक अरुंद का असते, हे आम्हाला तेव्हा समजले. नक्षी मोकळी असली की चाक फिरताना माती फेकली जाते, नाहीतर ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते आणि चाकच जाम होते. दुसरे, धुऱ्याला हवा घेण्याचे बारीक छिद्र असते. गरम धुरा नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि छिद्रातून पाणी ओढले जाते. उस्तादांनी त्याला रबरी नळी जोडून ती वर, बॉनेटजवळ नेली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. तिसरे, पुढे-मागे चेसिसला पक्के बोल्ट केलेले हूक आणि एक दोर. चौथे, सीट बेल्ट आणि नवा टप.

एक गोष्ट आम्ही भौतिकशास्त्राचे पुस्तक असूनही उस्तादांकडूनच शिकलो. फोर बाय फोर म्हणजे चारही चाके नेहमी ओढतात असे नाही. प्रत्येक धुऱ्यातला डिफरन्शियल जोर वाटतो तो अशा रीतीने, की ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहते आणि पकड असलेले चाक थांबून पाहते. गाडी अशी फसली की ॲक्सिलरेटर दाबू नये. हलका ब्रेक धरून हळूच रेस द्यावी, म्हणजे रिकामे फिरणाऱ्या चाकाला अडवणूक होते आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. आमच्यातला विज्ञानाचा शिक्षक म्हणाला, "वर्गातही असेच होते. जे मूल आधीच धावते आहे, त्याच्याकडेच सगळा जोर जातो."

वर्गाचे नाव निघाले म्हणून सांगतो. उस्तादांचा शागिर्द आमच्याच एका शाळेचा. वय अठरा. नववीत नापास झाला, बाप आजारी पडला आणि तो गॅरेजला लागला. शाळेच्या दप्तरी तो गळती या रकान्यात आहे. तो मुलगा आवाजावरून सांगतो, की बेअरिंग पुढचे गेले की मागचे. खरादवाल्याला माप तोंडी सांगतो, तेही मिलिमीटरच्या दशांशात. हाच मुलगा दशांश अपूर्णांकात नापास झाला होता. आपल्या मोहल्ल्यांतली अशी किती मुले आम्ही कमजोर म्हणून लिहून ठेवली असतील? त्यांच्या हुनरचे प्रमाणपत्र कुणी देत नाही आणि प्रमाणपत्राशिवाय कंपनीच्या वर्कशॉपचे फाटक उघडत नाही. जुन्या गाड्या भंगारात जातील, नव्या गाड्या कॉम्प्युटर लावून तपासल्या जातील, तेव्हा टिनाच्या शेडमधल्या या शागिर्दाने कुठे जावे? उस्तादांनाही ही काळजी आहे. त्यांनीच आम्हाला म्हटले, "सर, मेरे पास जो था वो इसको दे दिया. कागज तुम दिला दो." आम्ही 17 नंबरचा फॉर्म भरून त्याला दहावीला बसवले आहे. गॅरेज बंद झाल्यावर रात्री तासभर तो येतो. दहावीनंतर आय.टी.आय.चा विचार आहे.

पावसाळ्यात जीप वस्तीवर असते. मित्राचा धाकटा भाऊ ती चालवतो. सकाळी मुलींना गावापर्यंत सोडतो, संध्याकाळी आणतो. पैसे घेत नाही, आणि खासगी पासिंगच्या गाडीला ते घेताही येत नाहीत. पहिल्या वर्षीच्या तीन महिन्यांत बारा दिवस गाडी निघू शकली नाही. अशाच एका दिवशी ती मध्येच रुतली तेव्हा शेजारच्या शेतातले काका बैलजोडी घेऊन आले, हुकाला दोर बांधला आणि म्हणाले, "गुर्जी, गाडी केवढीबी असो, कायी माती कोनाले सोडत नाई." तरी त्या वर्षी पाचही मुली परीक्षेला बसल्या.

उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन नरनाळ्याला जातो, चिखलदऱ्याला जातो. आमची जीप पाहून ओळखीचे तरुण विचारतात, "सर, जंगलात घुसवता का?" आम्ही नाही म्हणतो. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे जो रस्ता सर्वांना खुला आहे त्यावरूनच जावे, आणि आत जायचे तर वनखात्याच्या नियमाने, गाईडसोबत. कोरकू माणूस ज्या पायवाटेने निमूट जातो, तिथे आपल्या चाकांचा चर पाडायचा हक्क आपल्याला कुणी दिला नाही. चर पडला की पहिल्या पावसात त्याचा नाला होतो. मुलांना आम्ही गाडीचा जोर दाखवण्यापेक्षा हे दाखवतो.

राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. वस्तीच्या पांधणीसाठी लोकांनी अर्ज केला आहे. अर्ज आम्हीच लिहून दिला, मराठीत. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी धुरे सरकवून पांधण अरुंद केली आहे. आधी मोजणी व्हायची, मग अतिक्रमण निघायचे, मग मुरूम, मग खडी. काका आपल्या बाजूचा धुरा मागे घ्यायला तयार झाले आहेत, समोरचे अजून नाहीत. त्यांच्याकडे आम्ही तिघे पुढच्या रविवारी जाणार आहोत. ती खडी पडली, की या मुलींना आमच्या जीपची गरज उरणार नाही. ऑटो थेट दारात येईल. आम्ही त्याचीच वाट पाहतो आहोत.